तेराव्या होलनंतर हात दुखतो? नवा ग्लोव्ह घेण्याआधी जुना उघडून बघा

माझ्या कपाटाच्या एका खणात गोल्फचे सात ग्लोव्ह पडून आहेत. त्यातले चार जेमतेम दोन-दोन महिने वापरून बाजूला टाकलेले. चौघांची कहाणी एकच. दुकानात घातला तेव्हा हातावर लोण्यासारखा, अठरापैकी पहिल्या तीन-चार होलना झकास, आणि तेराव्या-चौदाव्या होलपर्यंत अंगठ्याच्या मुळाशी ठणका, करंगळीखालच्या गादीवर चुरचुर आणि क्लब, म्हणजे खेळायची काठी, हातात किंचित फिरतोय की काय अशी शंका. मग पुढच्या वेळी मी आणखी मऊ, आणखी जाड, आणखी सैल ग्लोव्ह आणायचो. वय अडुसष्ट, पेरं सुजलेली, तेव्हा हाताला जाच नको, एवढाच माझा हिशेब. जाच मात्र दर ग्लोव्हागणिक वाढत गेला.

गोम त्या सैलपणातच होती, हे कळायला मला दीड वर्ष लागलं. ग्लोव्ह सैल असला की घसरायला दोन जागा होतात: एक कातडी आणि ग्लोव्ह यांच्यामध्ये, दुसरी ग्लोव्ह आणि क्लबची ग्रिप (दांड्यावर धरायच्या जागेचं आवरण) यांच्यामध्ये. आपल्या लक्षात येण्याआधी हाताला ते कळतं आणि मूठ आपोआप आवळली जाते. एका फटक्याला त्याचं काही वाटत नाही. पण सरावाचे स्विंग धरले तर एका राउंडमध्ये मूठ शंभराहून जास्त वेळा आवळली जाते. तरुण हात ते पचवतो. आपल्या हाताच्या अंगठ्याचा मुळाचा सांधा आधीच झिजलेला असतो, आणि त्या सांध्याचं गणित क्रूर आहे: अंगठ्याच्या टोकाशी चिमटीत एक किलोचा दाब दिला तर मुळाशी त्याच्या सुमारे १२ पट भार पडतो. म्हणून मूठ थोडीशी जरी सैल ठेवता आली तरी मुळाशी मोठा फरक पडतो.

तेव्हा हातांना वय झाल्यावर ग्लोव्ह निवडताना तो किती मऊ आहे हे मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. पहिला प्रश्न हा, की हा घातल्यावर मला क्लब किती हलक्या हाताने धरता येतो?

आधी जुना ग्लोव्ह वाचा

जुना ग्लोव्ह टाकून देऊ नका. उजेडात टेबलावर पसरा आणि कुठे झिजलाय ते बघा. डॉक्टरकडे जाताना जुने रिपोर्ट नेतो, तसंच हे.

करंगळीखालच्या गादीवर, म्हणजे मनगटाजवळच्या तळव्यावर भोक पडलं असेल तर क्लब बोटांऐवजी तळव्यात आडवा धरला जातोय किंवा ग्रिपच्या अगदी टोकाला हात जातोय. दोन्ही प्रकारांत टोक त्या गादीवर घासत राहतं. इथे ग्लोव्ह कितीही भारी आणा, भोक तिथेच पडणार. हात अर्धा इंच खाली घ्या, क्लब बोटांच्या मुळाशी ठेवा, आणि मग बघा. माझी चुरचुर ग्लोव्ह न बदलता यातच निम्मी झाली.

अंगठ्यावर झीज असेल तर दोन शक्यता. एक म्हणजे फटक्याच्या वेळी क्लब वळतोय. दुसरी म्हणजे अंगठा दांड्यावर लांब ताणून ठेवला जातोय आणि वर दुसऱ्या हाताचा तळवा त्याला दाबतोय. अंगठा थोडा मागे ओढून आखूड ठेवला की मुळाच्या सांध्यावरचा ताण कमी होतो. ज्यांना एवढ्यानेही भागत नाही ते दहाही बोटं दांड्यावर ठेवणारी पकड घेतात. ती नवशिक्यांची पकड आहे असं क्लबात कुणीतरी हमखास म्हणतं. म्हणू द्या.

बोटांची टोकं रिकामी, चुरगळलेली आणि काळी पडली असतील तर बोटं लांब पडली. मागच्या बाजूला, मुठीच्या हाडांजवळ शिवण उसवली असेल तर ग्लोव्ह तंग होता. तळव्यात मधोमध उभ्या सुरकुत्या पडल्या असतील तर तो रुंदीला मोठा, आणि माझ्यासारख्यांच्या ग्लोव्हवर बहुतेक वेळा याच सुरकुत्या सापडतात.

माप: वीस वर्षांपूर्वीचं आता चालत नाही

आपण बुटाचं माप बदलल्याचं सहज मान्य करतो, हाताचं नाही. "मी मीडियम-लार्ज" हे एकदा ठरलं की ते जन्मभर. पण वयाबरोबर तळव्यातली चरबी कमी होते, कातडी पातळ होते, आणि त्याच वेळी पेरांचे सांधे जाड होतात. म्हणजे हात एकीकडे बारीक आणि दुसरीकडे जाड. जुनं माप दोन्हीकडून चुकतं.

कापडी टेप घ्या. अंगठा सोडून, चार बोटं जिथून सुरू होतात त्याच्या जरा खालून, तळव्याभोवती घेर मोजा. मग मधल्या बोटाची लांबी, टोकापासून ते बोट तळव्याला मिळतं त्या रेघेपर्यंत. हे दोन आकडे घेऊन त्या-त्या कंपनीचा तक्ता बघा, कारण एका कंपनीचा लार्ज दुसऱ्या कंपनीच्या मीडियम-लार्जच्या जवळ जाऊ शकतो.

माप कधी घेता हेही महत्त्वाचं. सकाळी उठल्या-उठल्या बोटं आखडलेली असतात, तेव्हा नको. तासभर हात खाली सोडून चालल्यावर, विशेषतः उकाड्यात, अनेकांची बोटं सुजतात. आपण खेळणार त्याच हाताने. म्हणून मी चालून आल्यावर पुन्हा एकदा मोजतो. दोन मापांत फरक जास्त असेल तर पूर्ण चामड्याचा ग्लोव्ह घेऊ नका. मागच्या बाजूला आणि बोटांच्या मध्ये ताणलं जाणारं कापड असलेला बघा. तो सुजेबरोबर वाढतो आणि तळव्याकडची बाजू घट्टच राहते.

आता तो प्रकार, ज्याबद्दल दुकानात फारसं कुणी सांगत नाही: कॅडेट माप. बोटं आखूड आणि तळवा रुंद असणाऱ्यांसाठी हे वेगळं माप असतं. कॅडेट मीडियम म्हणजे मुलांचा मीडियम नव्हे. नावामुळे गैरसमज होतो आणि साठीतला माणूस त्या खोक्याकडे बघतच नाही. मीही बघितलं नव्हतं. तळवा बसावा म्हणून मी लार्ज घेत होतो, बोटांची टोकं अर्धा सेंटीमीटर रिकामी राहत होती, आणि ते रिकामं चामडं ग्रिपखाली दुमडून बोट ठेचत होतं. कॅडेट घातल्यावर तळवाही बसला आणि टोकंही.

सुजलेल्या पेरांची अडचण याहून चिवट. बोटाचं मधलं पेर जाड, त्याच्या खालचा भाग बारीक. पेर आत जावं म्हणून मोठा ग्लोव्ह घेतला की पेराच्या खाली तो लोंबतो, आणि लहान घेतला की पेर आत जात नाही किंवा गेलं तर दिवसभर कुरकुरतं. यावर मापाने तोडगा निघत नाही, शिवणीने निघतो. बोटांच्या बाजूंना किंवा पाठीमागे पेराच्या जागी लवचीक कापडाच्या पट्ट्या असलेले ग्लोव्ह मिळतात. घेताना ग्लोव्ह उलटा करून आतून बोट फिरवा. शिवणीची जाड कड नेमकी तुमच्या पेरावर येते का ते पाहा. बाहेरून सुबक दिसणारा ग्लोव्ह आतून आरीसारखा असू शकतो. पातळ कातडीला, आणि रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेल्यांना, हे बघणं जास्तच गरजेचं, कारण एवढ्याशा घासण्यानेही काळं-निळं होतं.

घातल्यावर पुढचं करा. मूठ तीन-चार वेळा उघडा-मिटा. वेल्क्रो सुटला तर तंग. तळव्यावरचं चामडं दुसऱ्या हाताच्या चिमटीत सहज आलं तर सैल. नव्या ग्लोव्हचा पट्टा ओढून पार टोकापर्यंत बसला तर तोही मोठा, कारण चामडं वापराने सैलावणार आणि तेव्हा आवळायला जागाच उरणार नाही. पट्ट्याखाली थोडी जागा शिल्लक राहायला हवी. नवा चामड्याचा ग्लोव्ह "थोडासा घट्ट, पण दुखत नाही" इथे असावा. हात सुन्न होत असेल तर मात्र तो घट्ट नाही, चुकीचा आहे.

एक चूक इथेच सांगून टाकतो, कारण ती मी एकदा केली आहे आणि आमच्यातल्या दोघांनी माझ्यानंतरही केली. पाकिटावर "लेफ्ट हँड" लिहिलेलं असतं ते ग्लोव्ह कोणत्या हातात घालायचा त्याबद्दल. उजव्या हाताने खेळणारा डाव्या हातात ग्लोव्ह घालतो, म्हणजे त्याला "लेफ्ट" हवा. "मी तर राइट हँडेड" म्हणत राइट उचलला की घरी येऊन कपाळावर हात. फक्त तो हात ग्लोव्हविना.

त्रास कुठे, त्यावरून उपाय

अंगठ्याच्या मुळाशी ठणका. वर बरंच आलंच आहे. ग्लोव्हपुरतं बोलायचं तर अंगठ्याचा भाग वेगळ्या तुकड्यातून, वळण देऊन शिवलेला असावा. सरळ शिवलेल्या अंगठ्यात बेचक्याशी चामडं ताणलं जातं आणि प्रत्येक स्विंगला सांधा मागे ओढला जातो. ग्लोव्ह घालून अंगठा आणि करंगळी जमेल तितकी फाकवा. बेचक्यात ओढ जाणवली तर तो ठेवून द्या.

बोटांना मुंग्या, बधिरपणा. पहिला संशयित मनगटाचा पट्टा. आपण तो बुटाच्या नाडीसारखा आवळतो. पट्ट्याने ग्लोव्ह जागेवर ठेवायचा असतो, मनगट बांधायचं नसतं. वर घड्याळ किंवा पावलं मोजणारा पट्टा त्याच हातात असेल तर तो दुसऱ्या हातात जाऊ द्या. दोन फटक्यांच्या मध्ये चालताना वेल्क्रो उघडा ठेवायची सवय लावा. मुंग्या तरीही येत असतील, आणि मुख्यतः अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत, किंवा रात्री झोपेतून त्यांनी जाग येत असेल, तर ग्लोव्हचा नाद सोडून डॉक्टर गाठा. मनगटातली नस दबल्याचं ते नेहमीचं लक्षण आहे.

बोटात अंगठी आणि ग्लोव्ह. सुजलेल्या पेरावरून अंगठी निघत नाही, म्हणून आपण ती तशीच ग्लोव्हखाली ठेवतो, आणि फटक्यागणिक शेजारच्या बोटावर वळ उठतो. सकाळी सूज कमी असताना साबणाचा हात लावून निघते का पाहा. निघत नसेल तर खेळापुरता नाही, एरवीही तो प्रश्नच आहे. मोठी करून घेतलेली बरी. सूज वाढून बोट निळसर पडेपर्यंत थांबू नये.

हातावर पुरळ, खाज. घामोळं समजून आपण पावडर मारत बसतो. चामडं कमावताना बहुधा क्रोमियमचे क्षार वापरतात आणि काहींच्या कातडीला ते सोसत नाहीत. काहींना इलॅस्टिकमधल्या रबराची ॲलर्जी असते. खाज नेमकी ग्लोव्हच्या हद्दीतच असेल आणि दुसऱ्या हाताला काही नसेल, तर एक-दोन आठवडे सिंथेटिक ग्लोव्ह वापरून बघा, आणि फरक पडला नाही तर त्वचेच्या डॉक्टरांना ग्लोव्हच दाखवायला न्या.

क्लब घसरतो. इथे वयाचा एक गमतीदार भाग आहे. तरुणांचे हात घामाने घसरतात, आपले बरेचदा कोरडेपणाने. कोरड्या हाताला आपण सकाळी भरपूर क्रीम चोळतो, वर सनस्क्रीन, आणि त्याच हातावर ग्लोव्ह चढवतो. ग्लोव्ह आतून तेलकट, मग सैल, मग मूठ आवळा. क्रीम रात्री लावा. सकाळी लावायचंच असेल तर निघण्याच्या निदान तासभर आधी, आणि सनस्क्रीन लावून झाल्यावर तळवे साबणाने धुऊन पुसा. या एका गोष्टीला पैसे पडत नाहीत आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

घालता-काढता येत नाही. हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही, पण संधिवात असलेल्या बोटांना वेल्क्रोचं छोटं टोक पकडणं हे फटका मारण्यापेक्षा अवघड जातं. मोठ्या जीभेचा, पुढे थोडं सुटं टोक असलेला पट्टा बघा. नसेल तर टोकाला जाड दोऱ्याचा फास शिवून घ्या, मी घेतलाय. काढताना मनगटाकडून उलटा सोलू नका. प्रत्येक बोटाचं टोक जरा-जरा ओढून सैल करा, मग सगळा एकदम निघतो. पटिंगच्या, म्हणजे चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायच्या, वेळी ग्लोव्ह काढायचाच असा काही नियम नाही. काढल्याने हाताला हवा लागते, सूज असेल तर बरं वाटतं. पण दर होलला काढ-घाल करण्यातच बोटं दुखत असतील तर घालूनच पट करा.

कशाचा घ्यावा

कॅब्रेटा म्हणजे लोकरीऐवजी केस असणाऱ्या मेंढ्यांचं चामडं. पातळ, मऊ, हातावर कातडीसारखं बसतं आणि पकड उत्तम. पण लवकर झिजतं आणि पावसात भिजलं की घसरडं होतं. सिंथेटिक जास्त टिकतं, ताणलं जातं, धुता येतं, पण हाताला उबट वाटतं आणि त्यातून ग्रिप कमी जाणवते. मिश्र प्रकारात तळव्याला चामडं आणि पाठीला ताणणारं कापड. सुजणाऱ्या, गाठाळलेल्या हातांसाठी माझं मत सरळ या तिसऱ्या प्रकाराला आहे.

पावसाचे ग्लोव्ह वेगळे असतात आणि ते जोडीने, दोन्ही हातांत घालतात. त्यांच्या तळव्याचं कापड ओलं झाल्यावर जास्त चांगलं धरतं. मधुमेहामुळे किंवा दुसऱ्या कारणाने बोटांची संवेदना कमी झाली असेल तर फार जाड ग्लोव्ह टाळा. आधीच कमी कळतंय, त्यात आणखी भिंत नको.

दुसराही हात दुखतो अशांनी दोन्ही हातांत साधे ग्लोव्ह घातले तरी नियमात बसतं. टॉमी गेनी या अमेरिकन व्यावसायिकाचं टोपणनावच मुळी "टू ग्लव्हज", आणि २०१२ मध्ये तो दोन ग्लोव्ह घालून पीजीए टूरवर जिंकला. उलट फ्रेड कपल्सने १९९२ ची मास्टर्स ग्लोव्हशिवाय जिंकली आणि २००९ ची यूएस ओपन जिंकणारा लुकस ग्लोव्हर, आडनाव असं असूनही, उघड्या हाताने खेळतो. म्हणजे ग्लोव्ह सक्तीचा नाही. सरावाला जाऊन वीस-पंचवीस फटके ग्लोव्हशिवाय मारून बघा. उघड्या हाताने त्रास कमी झाला तर तुमचा सध्याचा ग्लोव्ह त्रास वाढवतोय हे नक्की कळलं.

गादीचे ग्लोव्ह आणि नियम

संधिवातासाठी म्हणून विकले जाणारे, बोटांच्या पेरांमध्ये आणि तळव्यावर गाद्या असलेले ग्लोव्ह मिळतात. काहींना त्यांचा खरोखर फायदा होतो. बोटांच्या पेरांमधल्या खोलगट जागा भरल्या की दांडा सगळ्या बोटाला टेकतो, फक्त गाठींवर बसत नाही. मला त्यांची सवय झाली नाही, पण माझ्या नेहमीच्या चौकडीतला एक जण त्याशिवाय खेळूच शकत नाही.

मात्र स्पर्धा खेळत असाल तर जपून. गोल्फचे नियम ठरवणाऱ्या आर अँड ए आणि यूएसजीए या संस्थांच्या उपकरण-नियमांनुसार ग्लोव्ह "साधा" असावा लागतो. पकडीच्या बाजूला किंवा आतून एखादा भाग शेजारच्या भागापेक्षा ०.६३५ मिलिमीटरहून जास्त जाड असेल तर ती गादी धरली जाते आणि तो ग्लोव्ह चालत नाही. हात क्लबला बांधणारे पट्टे, बोटं एकत्र जखडणारी सोय, सांध्याची हालचाल रोखणारी रचना, हेही नाही. क्रमांक ४.३ चा हा नियम मोडला तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजून होणाऱ्या स्पर्धेत) पहिल्यांदा दोन फटक्यांचा दंड आणि दुसऱ्यांदा थेट बाद.

पण त्याच नियमात वैद्यकीय कारणासाठी वाट ठेवली आहे. खरंच दुखणं असेल आणि त्या साधनाने इतरांवर गैरफायदा मिळत नाही असं स्पर्धेच्या समितीला पटलं, तर परवानगी मिळते. ती खेळायच्या आधी मागायची, दुसऱ्या होलच्या सुरुवातीला कुणी बोट दाखवल्यावर नाही. सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. दुखऱ्या बोटाला साधी चिकटपट्टी लावायलाही हरकत नाही. तिने सांधा जखडून स्विंगला मदत होईल इतकी गुंडाळायची नाही, एवढंच. आणि बऱ्याच जणांना माहीत नसलेली सोय: ग्रिपभोवती रुमाल किंवा टॉवेल गुंडाळून धरायला नियमाची परवानगी आहे. हाताला कोरडेपणा किंवा चिकटपणा देणारी पावडर, राळ वगैरेही चालते.

रविवारच्या चौकडीत हे सगळं कुणी तपासत नाही. तिथे हाताला बरं वाटेल ते घाला.

ग्लोव्ह निर्दोष असतो तेव्हा

आता कबुली. माझा पाचवा ग्लोव्ह मापाने, शिवणीने, सगळ्याने नीट होता आणि तरीही हात दुखला. दोष क्लबच्या ग्रिपचा निघाला. चार वर्षांच्या ग्रिप, वरून काचेसारख्या गुळगुळीत झालेल्या. गुळगुळीत ग्रिपवर नवा ग्लोव्ह म्हणजे ओल्या फरशीवर नवी चप्पल. ग्रिपवर ओला अंगठा दाबून फिरवून बघा. सरकन फिरला तर आधी साबणाच्या कोमट पाण्याने ब्रशने घासून धुवा आणि कोरडी करा. तरीही तसाच फिरला तर ग्रिप बदला. नेहमी खेळणाऱ्यांनी वर्षातून एकदा बदलाव्यात असं साधारण सांगतात.

बदलतानाच जाडीचा विचार करा. मिडसाइज ग्रिप नेहमीच्या ग्रिपपेक्षा इंचाच्या सोळाव्या भागाइतकी जाड असते, त्याहून जाड म्हणजे जंबो. बोटं पूर्ण मिटत नसलेल्या हाताला बारीक दांडा धरणं सगळ्यात जड जातं. बादलीच्या बारीक कडीला फडकं गुंडाळून आपण तेच तर टाळतो. आधी एकाच क्लबची, सरावाच्या सेव्हन-आयर्नची, ग्रिप बदलून महिनाभर खेळा. फटके डावीकडे-उजवीकडे जायला लागले तर सगळा संच बदलल्याचा पश्चात्ताप वाचतो. आणि ग्रिप जाड केल्यावर ग्लोव्ह पुन्हा एकदा घालून बघा. आधी अगदी बेताचा वाटणारा ग्लोव्ह जाड दांड्यावर बोटांच्या बेचक्यांत ताणला जाऊ शकतो.

नवा ग्लोव्ह आणि ग्रिप एकत्र तपासायची माझी पद्धत अशी. ग्लोव्ह घातलेल्या एकाच हातात क्लब समोर धरायचा, पडू नये एवढ्याच जोराने. कुणाला तरी क्लबचं डोकं हलकेच पिळायला सांगायचं. मग तेच उघड्या हाताने. ग्लोव्ह घातल्यावर दांडा कमी फिरला पाहिजे. उघड्या हातात कमी फिरला, तर तो ग्लोव्ह कितीही मऊ असो, माझ्या खणातल्या सातांत आठवा.

कधी डॉक्टर

बोट मिटल्यावर अडकतं आणि टक् करून सुटतं. अनामिका किंवा करंगळी पूर्ण सरळ होत नाही आणि तळव्यात दोरीसारखी गाठ लागते. जमिनीवर किंवा झाडाच्या मुळावर जोरात फटका बसल्यावर करंगळीच्या बाजूच्या तळव्यात खोल दुखतं आणि पकड ढिली पडते. यातल्या कशालाही ग्लोव्हचा उपाय नाही. शेवटच्या प्रकारात क्लबच्या टोकाने तळव्यातलं आकड्यासारखं छोटं हाड मोडलेलं असू शकतं, आणि ते साध्या एक्स-रेत कधीकधी दिसत नाही. म्हणून डॉक्टरांना "गोल्फ खेळताना लागलं, क्लबचं टोक इथे टेकतं" हे बोट ठेवून सांगा.

टिकवण्याबद्दल थोडं

दोन ग्लोव्ह आलटून-पालटून. घामेजलेला ग्लोव्ह बॅगेच्या कप्प्यात बोळा करून कोंबला की घामातलं मीठ वाळून चामडं पापडासारखं होतं, आणि ते कडक चामडं सुजलेल्या पेरांना पहिल्या होलपासून चावतं. सपाट करून, सावलीत, हवेवर वाळवा. ऊन आणि हेअर ड्रायर नको. चामडं मशीनमध्ये टाकू नका, सिंथेटिक थंड पाण्यात हाताने धुतलं तर चालतं. नव्या ग्लोव्हच्या आतल्या बाजूला पेनाने सुरू केल्याची तारीख लिहितो मी. नाहीतर "हा तर आत्ताच घेतला" म्हणत वर्षभर ओढला जातो. तळवा चकाकायला लागला किंवा बोटाच्या आतून उजेड दिसला की त्याचे दिवस भरले. मग तो टेबलावर पसरायचा, झीज कुठे आहे ते बघायचं, आणि पुढचा घ्यायला जाताना सोबत न्यायचा.